वाटीभर दह्याचा हिशेब

मुलुंडमध्ये आमच्या इमारतीत वजन कमी करणाऱ्या सात-आठ जणींचा एक गट आहे. सकाळी चालून झाले की त्या खालच्या बाकावर बसतात आणि आदल्या दिवशीच्या वह्या उघडतात. त्या वह्यांत कॅलरी नसतात, पॉइंट असतात. प्रत्येकीला दिवसाचे ठरावीक पॉइंट मिळालेले असतात. पोळीचे इतके, भाताचे इतके, आमटीचे इतके वजा करत संध्याकाळपर्यंत पुरवायचे. गेल्या पावसाळ्यात या बाकावर एका प्रश्नाने आठवडाभर मुक्काम ठोकला होता. गटातल्या एका बाईंनी दूध सोडले आणि घरी शेंगदाण्याचे दही लावायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला विरजण म्हणून मिरचीची देठे घातली, पुढे त्याच दह्याचे विरजण वापरले. दही छान लागले. पण त्याचे पॉइंट किती? एकीने साध्या दह्याइतकेच धरायला सांगितले. दुसरी म्हणाली, ‘‘अगं, शेंगदाणे म्हणजे नुसतं तेल, दुप्पट धर.’’ तिसरीने मोबाइलवर पाहून सांगितले, की सोयाबीनच्या दह्याला एका परदेशी योजनेत शून्य पॉइंट आहेत. मग सोयाला शून्य आणि शेंगदाण्याला दोन-तीन, हा कुठला न्याय?

इतिहासाची आवड असलेला शेजारी म्हणून हा वाद माझ्याकडे आला. मी तक्ते काढून बसलो. उत्तर तासाभरात मिळाले, पण ते शोधताना एक वेगळाच धागा हाती लागला. अन्नाला आकडा लावण्याची ही पद्धत आपल्या मुलखात नवी नाही. महाराष्ट्रात ती दीडशे वर्षे नांदते आहे, आणि आरंभी तिचा वजन घटवण्याशी काडीचा संबंध नव्हता. ती भुकेल्यांसाठी होती. म्हणजे खरे तर भुकेल्यांवर लादलेली होती.

एक पौंडाचा माणूस

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती. दुष्काळाचा खर्च आवरण्यासाठी व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना खास प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत धाडले. कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढी मजुरी पुरे, असे टेंपलसाहेबांनी ठरवले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. मद्रासेत सरकारी आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला जाहीर विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच उत्तर दिले: मजुरी कमी झाल्यावर हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्ज करत होते. टेंपल त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर झाले.

त्या काळी कॅलरी हा शब्द स्वयंपाकघरात आलेला नव्हता. तरी आजच्या तक्त्याने मोजून पाहू. सडलेल्या तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये ३४५ कॅलरी धरल्या, तर एक पौंड तांदळात साडेपंधराशेच्या आसपास होतात. आज दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला वजन उतरवण्यासाठी आहारतज्ज्ञ जो तक्ता देतात, तो बहुधा पंधराशे कॅलरींच्याच घरातला असतो. टेंपलसाहेबांनी तेवढ्यावर खडी फोडायला लावली. दोन्हीकडचा आकडा एकच, पण तो आकडा कोण कोणासाठी ठरवतो, यात सगळा फरक आहे.

यानंतर तुरुंग, दुष्काळी कामे, गिरण्या अशा ठिकाणी अन्नाचे मोजमाप पक्के होत गेले. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. कामगार जे धान्य खातो ते दुष्काळ संहितेतल्या कमाल मापाइतके भरते, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला जेवढे दिले आहे त्याहून कमी आहे, असा त्यातला निष्कर्ष होता. परळ-लालबागचा स्वतंत्र माणूस तुरुंगातल्या कैद्याहून कमी खातो, हे सरकारी कागदावर छापून आले. मोजणीचा हा पहिला मोठा उलटा उपयोग म्हणता येईल. मापे राज्यकर्त्यांनी आणली, पण ती त्यांच्याच विरोधात साक्ष देऊ लागली.

तक्ता आणि त्यातली गाय

‘कॅलरी’ घराघरांत पोचवली ती अमेरिकेने. रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नाची ऊर्जा मोजण्याची रीत बसवली. प्रथिने आणि कर्बोदके यांना ग्रॅममागे चार, चरबीला नऊ, हा आजही वापरला जाणारा हिशेब त्यांचा. ल्यूलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी १९१८ साली आहारावर एक पुस्तक लिहिले. एक तुकडा पाव न म्हणता शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. सैन्यासाठी धान्य वाचवणे आणि कंबर कमी करणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वहीत बसवली.

आपल्याकडची मोजणी मात्र टंचाईच्या वाटेने गेली. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेची सूत्रे १९३५ मध्ये डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांच्याकडे आली आणि १९३७ मध्ये तिथून भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारी हेल्थ बुलेटिन क्रमांक २३ ही पुस्तिका निघाली. वसतिगृहे, तुरुंग, मळे अशा ठिकाणी थोड्या पैशांत पुरेसा आहार कसा बसवायचा, हा तिचा रोख होता. हेच अ‍ॅक्रॉइड पुढे १९४३ च्या बंगाल दुष्काळाच्या चौकशी आयोगाचे सदस्य होते. संशोधनशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली. जुन्या तक्त्याची मोठी सुधारित आवृत्ती १९७१ मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी काढली. आज मराठी मासिकांत किंवा डॉक्टरांच्या भिंतीवर जे कॅलरींचे आकडे दिसतात, त्यांचे मूळ बरेचदा या पुस्तकात सापडते.

आता आपल्या दह्याकडे येऊ. १९७१ च्या तक्त्यात दह्याची ओळ आहे: शंभर ग्रॅमला ६० कॅलरी, ३.१ ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅम चरबी, १४९ मिलिग्रॅम कॅल्शियम. पण नाव नीट वाचले पाहिजे. ते गाईच्या दुधाचे दही आहे. मुंबईच्या उपनगरांत पिढ्यान्‌पिढ्या जे दही लागले, ते म्हशीच्या दुधाचे. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतून भय्याच्या सायकलवर आलेल्या दुधाचे, नाहीतर आरेच्या बाटलीतल्या दुधाचे. त्याच तक्त्यात म्हशीच्या दुधाला ११७ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम चरबी आहे. गाईच्या दुधाला ६७ आणि ४.१. म्हणजे ‘दही – ६० कॅलरी’ असे वहीत लिहिणारी गृहिणी गेली पन्नास वर्षे आपल्या वाटीतले जवळजवळ निम्मे दही मोजतच नव्हती. २०१७ मध्ये हैदराबादच्या संस्थेने ५२८ पदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत दुधाच्या गटात म्हशीचे दूध, गाईचे दूध, पनीर आणि खवा आहे. दह्याला स्वतंत्र ओळ नाही.

पातळ दुधाची दोन आयुष्ये

मुंबईचे दूध म्हटले की आरेचे नाव निघणारच. शहरातल्या गोठ्यांची घाण आणि दुधातली भेसळ यांवर उपाय म्हणून गोरेगावजवळच्या टेकड्यांत म्हशींची वसाहत उभारायची, ही योजना दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी तडीस नेली. १९४९ मध्ये वसाहतीला आरंभ झाला आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे-केंद्रे आणि सोळा हजार जनावरांची सोय असा हा पसारा होता.

खुरोडींचे दुसरे काम वजनाच्या वहीशी थेट जोडलेले आहे. म्हशीच्या दुधात साय भरपूर, पण भाव गरिबाला परवडत नाही. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली, तर चरबी सुमारे तीन टक्क्यांवर येते, प्रथिने टिकतात आणि एका लिटरचे जवळपास दोन लिटर होतात. हे ‘टोन्ड’ दूध. भुकटी बहुतांशी परदेशातून येई. टोन्ड दूध काढले गेले ते चाळीतल्या मुलाला पेलाभर दूध मिळावे म्हणून. पुढे आणखी पातळ, दीड टक्का चरबीचे ‘डबल टोन्ड’ आले.

खुरोडींना या कामासाठी वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच या गृहिणीने ‘वेट वॉचर्स’ नावाची कंपनी नोंदवली. शहराच्या आरोग्य मंडळाच्या दवाखान्यात मिळालेला आहार पाळणे एकटीला जमेना, म्हणून तिने १९६१ मध्ये सहा मैत्रिणींना घरी बोलावले होते. त्या बैठकीतून ही कंपनी वाढली. एकाच वर्षी जगाच्या एका टोकाला दुधातली चरबी काढून दूध वाढवणाऱ्याचा गौरव होत होता आणि दुसऱ्या टोकाला शरीरातली चरबी काढण्याचा व्यवसाय सुरू होत होता. पुढे या दोन गोष्टी आमच्या बाकावर येऊन भेटल्या. डबल टोन्डची पिशवी आज बोरिवली-घाटकोपरमध्ये कोण मागते, ते वाण्याला विचारावे. गरिबाला दूध पुरावे म्हणून जे पातळ केले, ते आता ‘डाएटचे दूध’ म्हणून विकले जाते.

शेंगदाण्याचे दूध: वर्धा, बडोदे, म्हैसूर

वनस्पतीच्या दुधाचीही अशीच दोन आयुष्ये आहेत. कोकणाला ते मुळीच नवे नाही. नारळाचे दूध आणि आमसुले यांची सोलकढी आपण ताकाच्या जागी पीत आलो. तिने कधी ताक असल्याचा दावा केला नाही, की कोणी तिला तसे विचारले नाही. दुधाला ‘पर्याय’ शोधण्याचा प्रयत्न मात्र विसाव्या शतकातला आहे.

गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. खेडा सत्याग्रहाच्या सुमारास ते मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर राहत होते. १९१८ मध्ये ते अतिसाराने मरणपंथाला लागले. मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. गाई-म्हशींवर गवळी जे अत्याचार करतात त्यामुळे आपण दूध सोडले, असे गांधीजी म्हणाले. तेव्हा खाटेपाशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. गांधीजींनी तो घेतला, पण व्रताचा शब्द पाळून भाव मोडल्याची टोचणी त्यांना शेवटपर्यंत होती. दुधाची जागा घेईल असे वनस्पतिजन्य अन्न शोधायला ते वैद्य-डॉक्टरांना सांगत राहिले. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले आणि ‘हरिजन’मधून त्यांची माहिती आली.

त्याच काळात बडोद्याच्या मराठी संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत फूड सर्व्हे ऑफिस सोयाबीनवर काम करत होते. तिथले एफ. एस. काळे यांनी १९३६ मध्ये सोयाबीनवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला: लागवड, पोषण आणि वर तीनशे पाककृती. आज उपनगरातल्या दुकानात सोया दूध आणि टोफू पाहून ज्यांना ही अमेरिकेची देणगी वाटते, त्यांना नव्वद वर्षांपूर्वीच्या या काळ्यांच्या पुस्तकाची आठवण करून द्यावीशी वाटते.

स्वातंत्र्यानंतर ही सूत्रे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे गेली. १९५० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने शेंगदाण्यातली प्रथिने वेगळी काढून ती म्हशीच्या दुधात मिसळायची रीत बसवली. त्या दुधाचे नाव ‘मिल्टोन’. भारतात तेव्हा ‘प्रथिनांची दरी’ हा परवलीचा शब्द होता. गरीब मुलांना प्रथिने कमी पडतात आणि ती स्वस्तात पुरवली पाहिजेत, असे जगभरचे तज्ज्ञ म्हणत. मिल्टोन त्या दरीवरचा पूल होता. शेंगदाणा तिथे होता तो दूध पुरत नाही म्हणून. आमच्या बाकावरच्या बाईंकडे शेंगदाणा आला तो दूध नको म्हणून.

२२५० आणि पुण्याचा वाद

हा पूल ज्या दरीवर बांधला जात होता ती दरी खरोखर आहे का, असा प्रश्न एका मराठी माणसानेच विचारला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९५१ ते १९७० ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळत होते. गरिबाच्या ताटात प्रथिनांची वेगळी तूट नसते. मुळात अन्नच कमी असते आणि पोट भरेल इतके धान्य-डाळ मिळाले की प्रथिनांचे भागते, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले.

निवृत्तीनंतर पुण्याला आल्यावर त्यांनी याहून मोठा वाद ओढवून घेतला. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवून देईल इतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, अशी रेषा त्यांनी ओढली. देशातल्या दारिद्र्याची चर्चा पुढे बरीच वर्षे या आकड्याभोवती फिरली. सुखात्म्यांचे म्हणणे होते, की एकाच माणसाची, तेच काम करताना, ऊर्जेची गरज दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलते. शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेते. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दांडेकरांनी त्यांना कडक उत्तर दिले. अशा युक्तिवादाने भूक कागदावर कमी होईल, पोटात नाही, अशी टीकाकारांची भीती होती, आणि ती निराधार नव्हती. भुकेल्याच्या बाबतीत ‘शरीर सावरून घेते’ हे वाक्य टेंपलसाहेबांनाही सोयीचे झाले असते.

पण हेच वाक्य भरल्या पोटाच्या माणसाला लावून पाहिले तर? पॉइंटच्या वहीचा पायाच असा, की शरीर ही रोजच्या रोज जमा-खर्च जुळवणारी पेढी आहे. आज तीन पॉइंट जास्त झाले म्हणून उद्या तीन कमी. सुखात्मे सांगत होते, की शरीराचे खाते रोज मिटत नाही. त्याला चढउतार असतात. धोरणाच्या पातळीवर कोणाचे बरोबर होते, हा वाद मी सोडवणार नाही. परंतु एका दिवसाच्या आकड्यावरून स्वतःला पास-नापास करणाऱ्या बायकांना मी सुखात्म्यांची गोष्ट जरूर सांगतो.

पॉइंटचे सूत्र बदलते तेव्हा

आता बाकावरच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. वेट वॉचर्सने अमेरिकेत १९९७ मध्ये पॉइंट आणले. सूत्र साधे होते: कॅलरींना ५० ने भागा, चरबीच्या ग्रॅमना १२ ने भागून ते मिळवा आणि तंतूंचे ग्रॅम, फार तर चार, ५ ने भागून वजा करा. दीडशे ग्रॅमची वाटी धरून मी हे गणित मांडले. गाईच्या दुधाचे दही २.३. सायीसकट म्हशीच्या दुधाचे ४.३. शंभर ग्रॅम शेंगदाणे वाटून, न गाळता, आठशे ग्रॅम दूध केले आणि त्याचे दही लावले, तर २.६. त्याच मापाने सोयाबीनचे १.८. नारळाचे पहिले घट्ट दूध तिप्पट पाण्यात सारखे करून लावले, तर ४.५. म्हणजे ‘दुप्पट धर’ म्हणणारी चुकली, ‘साध्या दह्याइतकेच’ म्हणणारी गाईच्या बाबतीत जवळपास बरोबर ठरली, आणि म्हशीचे दही खाऊन वहीत दोन लिहिणाऱ्या बाकीच्या साऱ्याजणींचा हिशेब कच्चा निघाला. शिवाय पाणी थोडे कमी घातले किंवा गाळून चोथा टाकला, की शेंगदाण्याचा आकडा बदलतोच. घरच्या दह्याला छापील लेबल नसते.

पण हे सूत्रही टिकले नाही. १९९७ मध्ये चरबी हा शत्रू होता. २०१० च्या सूत्रात कॅलरी थेट मोजणे सोडून प्रथिने, कर्बोदके, चरबी आणि तंतू वेगवेगळे धरले गेले. २०१५ च्या अखेरीस संपृक्त चरबी आणि साखरेला जादा दंड, प्रथिनांना सूट असे ठरले. नारळाची चरबी बहुतांशी संपृक्त, त्यामुळे नारळाचे दही एका रात्रीत महाग झाले. वाटी तीच होती. २०१७ च्या शेवटी दोनशेहून अधिक पदार्थ शून्य पॉइंटचे जाहीर झाले. त्यांत साय काढलेले साधे दही आणि सोयाबीनचे साधे दही होते. हे शून्य म्हणजे त्या पदार्थात ऊर्जा नाही असे नव्हे. लोकांनी तो निवडावा म्हणून ठेवलेले ते आमिष होते. पॉइंट हे माप नाही, तो भाव आहे, आणि भाव ठरवणारा तो कधीही बदलू शकतो. आमच्या बाकावर ‘हा कुठला न्याय’ असे जे विचारले गेले, त्याचे उत्तर एवढेच. कंपनीने २०१८ मध्ये नाव आखडून ‘डब्ल्यूडब्ल्यू’ केले. भूक मारणारी इंजेक्शने बाजारात आल्यावर तिचा धंदा बसला, आणि २०२५ च्या मे महिन्यात तिने अमेरिकेच्या न्यायालयात दिवाळखोरीचे संरक्षण मागितले.

इकडे आपल्या सरकारने नावाचा प्रश्न हाती घेतला. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना आदेश दिला, की वनस्पतिजन्य मालावर दूध-दही असे दुग्धजन्य शब्द वापरू नयेत. २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम झाले. मार्च २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने दक्षिणेतल्या दह्याच्या पिशव्यांवर ‘दही’ हा शब्द छापायला सांगितले, तमिळनाडूत गहजब झाला आणि काही दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. दह्याच्या नावावरून एवढे रामायण झाले, पण मुलुंडच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या दह्याला दहीच म्हणतात.

जे वहीत येत नाही

माझ्या तक्त्यात दोन ओळी उरल्या होत्या, त्यांनी मला थांबवले. प्रथिनांत शेंगदाण्याचे दही गाईच्या दह्याशी बरोबरी करते: वाटीला साडेचार-पावणेपाच ग्रॅम, दोन्हीकडे. नारळाच्या दह्यात मात्र दीड ग्रॅमही भरत नाही. कॅल्शियम पाहिले, तर गाईच्या वाटीत सव्वादोनशे मिलिग्रॅम, शेंगदाण्याच्या वाटीत सतरा. ब-१२ जीवनसत्त्व शेंगदाण्यात नाही, नारळात नाही, सोयाबीनमध्येही नाही. शाकाहारी माणसाला ते मिळते ते मुख्यतः दूध-दह्यातून.

ही बारीक बाब नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता-बालकांचा अभ्यास करत आले. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे त्यांनी जगापुढे ठेवले. २००४ मध्ये त्यांचे आणि लंडनच्या एका सहकाऱ्याचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले: उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, २२.३, शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काट्यावरचा आकडा काय काय लपवू शकतो, ते त्या एका चित्रात दिसते. याच गटाने २००६ मध्ये दाखवले, की त्यांनी तपासलेल्या पुणे परिसरातल्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांच्या रक्तात ब-१२ कमी होते, आणि सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. म्हणजे आपल्यातच.

शेंगदाण्याचे दही लावणाऱ्या आमच्या शेजारीणबाई जन्मापासून शाकाहारी आहेत. त्यांनी दूध सोडले ते जनावरांच्या हालांमुळे. कारण ऐकल्यावर मला डॉ. दलालांसमोरचे गांधीजी आठवले. मी त्यांना पॉइंट सांगितले: वाटीला अडीच-तीन. आणि पुढे म्हटले, ‘‘काकू, पॉइंट राहू द्या. ब-१२ कधी तपासलंय का?’’ तपासलेले नव्हते. आठवड्याने त्यांनी रिपोर्ट आणला. आकडा खालच्या मर्यादेच्याही खाली होता. डॉक्टरांनी औषध सुरू केले, कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ वाढवायला सांगितले. दही त्या अजून शेंगदाण्याचेच लावतात.

दीडशे वर्षांत अन्नाचे माप टेंपलसाहेबांच्या हातून निघून आमच्या बाकावर आले. आता ते कोणी लादत नाही. आपणच हौसेने हाती घेतो, आणि सार्वजनिक सभेसारखा त्याच्यावर अर्ज करणारा कोणी नसतो. म्हणून माप वापरताना ते कशासाठी घडवले होते, त्यात काय मोजायचे राहिले आणि त्यातली गाय कोणाची, एवढे विचारून घ्यावे. आमच्या गटाच्या वहीत आता पॉइंटच्या शेजारी एक नवा रकाना आहे. त्यात दही कशाचे, ते लिहितात.